‘सायन्सचंच तर बघतोय!’

भिशीच्या दिवशी चहा होईपर्यंत आम्हा बायकांचा ठरलेला विषय म्हणजे मुलं आणि मोबाईल. एकीचा मुलगा गेममध्ये बुडालेला, दुसरीची मुलगी रील्समध्ये. पण त्यात एखादी अशी असतेच, जी जरा मान ताठ करून सांगते, ‘‘आमचा नाही बाई तसलं काही बघत. सायन्सचंच तर बघतो! प्रयोगाचे व्हिडीओ असतात.’’ मग बाकीच्या गप्प. सायन्स म्हटलं की आपल्याकडे सगळं माफ. दोन तास कार्टून बघणारा पोरगा वाया गेलेला आणि तेच दोन तास कुणीतरी बाटलीत काहीबाही ओतून धूर काढतंय हे बघणारा पोरगा म्हणजे उद्याचा शास्त्रज्ञ, असा आपला सरळ हिशेब!

मी स्वतः कला शाखेची. मराठी घेऊन बी. ए. केलं. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या बोर्डाच्या पेपरबरोबर संपला आणि तो संपला म्हणून मी तेव्हा देवाला पेढे ठेवले होते. तरीही या विषयावर लिहायला बसले, त्याला कारण आहे. आमच्या महिला मंडळातर्फे गेली काही वर्षं आम्ही एक छोटंसं बालवाचनालय चालवतो. चौथी ते नववीची मुलं येतात. पूर्वी दार उघडलं की ‘काकू, भुताचं पुस्तक आलं का?’ असं विचारायची. आता विचारतात, ‘काकू, तुमच्याकडे बेकिंग सोडा आहे का? आणि व्हिनेगर?’ एकाने तर मला हायड्रोजन पेरॉक्साइड कुठे मिळतं ते विचारलं. वय वर्षं दहा!

हे सगळं येतं कुठून, तर मोबाईलवरून. कुणी गॅरेजमध्ये, कुणी गच्चीवर, कुणी चक्क स्वयंपाकाच्या ओट्यावर प्रयोग मांडून त्याचे व्हिडीओ टाकतं. इंग्रजीत आहेत, हिंदीत तर ढिगाने आहेत, मराठीतही आहेत. करणारे काही खरे रसायनशास्त्र शिकलेले, काही हौशी आणि काही नुसतेच उचापती. मुलांना तिघंही सारखेच. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

त्यातच गेली दिवाळी आली. म्हणजे २०२५ची. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात त्या दिवाळीत काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. ‘कार्बाइड गन’ नावाचं एक खेळणं तिथल्या बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळत होतं आणि ती वापरण्याचे, घरी बनवण्याचे रील्स मुलांच्या मोबाईलवर फिरत होते. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी. कार्बाइड म्हणजे तेच, जे चोरून आंबे-केळी पिकवायला वापरतात आणि ज्याला अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन गॅस निघतो, वेल्डिंगवाल्याच्या ज्योतीत जळतो तोच. बार उडाला तर मोठा आवाज. नाही उडाला तर मुलगा काय करणार? डोळा लावून आत बघणार. आणि नेमका तेव्हाच तो उडायचा. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर... दोन-तीन दिवसांत शंभरावर मुलं रुग्णालयात पोचली, बहुतेकांच्या डोळ्यांनाच इजा, आणि काहींची दृष्टी गेली ती गेलीच. मग विक्रीवर बंदी, धरपकड वगैरे झालं. काही ठिकाणी शेतकरी माकडं-पाखरं हुसकायला असली नळी वापरतात. ती शेताच्या बांधावरून रीलमध्ये आणि रीलमधून मुलांच्या हातात आली.

त्या बातम्यांनी आमच्या गल्लीत जो काही हाहाकार माजला! एका रात्रीत घरोघरचे मोबाईल कुलपात. आमच्या वाचनालयात येणारी सातवीतली एक मुलगी आहे. नाव कशाला सांगू, पण पोरगी कमालीची चौकस. तिने खिडकीत तुरटीचे खडे वाढवायला ठेवले होते. बरणीत दोऱ्याला लटकवलेला एक छान आठ बाजूंचा, बोराएवढा खडा तयार झाला होता, रोज मोजायची ती आणि वहीत लिहायची. तिच्या आईने ती बरणी, हळदीचे कागद, आयोडीनची बाटली सगळं एका पिशवीत भरून घंटागाडीत टाकून दिलं. मी समजवायला गेले तर मलाच म्हणाली, ‘‘ताई, तुमचं ठीक आहे. उद्या पोरीच्या तोंडावर काही उडालं तर तिचं लग्न कुणी करायचं?’’

मैत्रिणींनो, ती आई काही अडाणी नाही. तिची भीती खरी आहे. पण माझ्या मनात आलं, मुलाच्या बाबतीत ही वाक्यं अशी आली असती का? त्याच गल्लीत एका मुलाने गच्चीवर फटाक्यांची दारू गोळा केली होती, तर त्याचे बाबा ‘पोरगं उपद्व्यापी आहे’ म्हणून कौतुकानेच ओरडले. तुरटी टाकून दिली गेली आणि दारूच्या वेळी नुसतं हसून झालं! तेव्हाच ठरवलं, की बघू द्यायचं की नाही हा नुसता भीतीचा किंवा कौतुकाचा प्रश्न ठेवायचा नाही. आपण स्वतः बसून बघायचं आणि ठरवायचं.

दिवाळीनंतरच्या चार रविवारी दुपारी आम्ही मंडळाच्या खोलीत बसलो. आम्ही सात-आठ जणी आणि ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर. सरांनी पहिल्याच दिवशी मोठी गंमत केली. म्हणाले, ‘‘आवाज बंद करा. आधी नुसतं बघा.’’

आम्हाला वाटलं, हे काय भलतंच? पण हळूहळू लक्षात आलं. आवाज चालू असला की संगीत असतं, ‘दोस्तों, आज हम’ असतं, हशा असतो. आपण त्यात वाहून जातो. आवाज बंद केला की उरतात ते फक्त हात. आणि हात वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही! नवी सून कढईत जिरं टाकताना किती लांब उभी राहते यावरून तिला स्वयंपाक येतो की नाही हे आपण ओळखतोच की. तसंच इथे. हातात मोजे आहेत का? डोळ्यांवर चष्मा आहे का, की तो कपाळावर शोभेला चढवलाय? तोंड भांड्यावर वाकवलंय का? जागा मोकळी आहे, की मागे गाद्या-पडदे दिसताहेत? बाटलीवरची चिठ्ठी दिसते का, की साखरेच्या डब्यासारखं काहीही कशातही भरलंय? झाकण लावलंय का? आणि प्रयोग झाल्यावर उरलेलं कुठे ओततात? हा शेवटचा प्रश्न आमच्या एका वहिनींनी काढला. म्हणाल्या, ‘‘भांडी कोण घासतं ते दाखवतच नाहीत.’’ सर म्हणाले, ‘‘वहिनी, लाखातला प्रश्न विचारलात. चांगला प्रयोग करणारा आवराआवर दाखवतो.’’

मग दुसऱ्यांदा आवाज चालू करून बघायचं. आता फक्त एवढंच ऐकायचं, की वस्तूंची नावं स्पष्ट सांगितली का. ‘ये वाला लिक्विड’, ‘सिक्रेट पावडर’ असं म्हटलं की तिथेच तो व्हिडीओ बाद. प्रमाण सांगितलं का, किती चमचे, किती टक्के. फसलेला प्रयत्न दाखवला का. हे फसलेलं दाखवणं मला तर फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्याच झटक्यात सगळं जमतं, असं दाखवणारा माणूस काहीतरी लपवतोय असं समजावं. पुरणपोळी असो की प्रयोग!

या पद्धतीने बघत गेलो तेव्हा आमचे बरेचसे अंदाज चुकीचे निघाले. सर्वांत भीतिदायक वाटणारे व्हिडीओ बऱ्याचदा सर्वांत निर्धास्त निघाले. कॅनडात नायजेल ब्राऊन नावाचा एक तरुण आहे, ‘नाइलरेड’ या नावाने व्हिडीओ करतो. त्याने प्लास्टिकच्या हातमोज्यांपासून द्राक्षाच्या चवीचा सोडा केला, कापसाच्या बोळ्यांपासून म्हातारीचे केस केले! आम्ही तोंडात बोटं घालून बघत होतो. काचेची केवढी ती उपकरणं, धूर ओढून घेणारं कपाट, दिवसच्या दिवस चाललेलं काम, आणि वारंवार ‘हे फसलं, पुन्हा केलं’. सर म्हणाले, ‘‘हे मुलांना खुशाल बघू दे. कारण घरी कुणाच्या बापाच्यानं होणार नाही.’’ इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचे ‘पिरिऑडिक व्हिडीओज’ २००८ पासून आहेत. एकेका मूलद्रव्यावर एकेक व्हिडीओ. त्यातले पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ मुलांना इतके आवडले की एकजण घरी जाऊन डोक्याला पावडर लावून आला! पाण्यात टाकल्यावर पेटणारे धातू वगैरे त्यात आहेत, पण ते धातू आपल्या किराणा दुकानात मिळत नाहीत. ‘नर्डरेज’ नावाचा आणखी एक आहे. त्यात चेहरा दिसत नाही, नुसते मोजे घातलेले हात आणि मुद्दाम बदललेला घोगरा आवाज. पण सुरुवातीलाच धोके सांगतो, मोजूनमापून सांगतो. नववी-दहावीच्या पुढच्या, खरंच आवड असलेल्या मुलाने बघावा असा. लहानांना कंटाळाच येईल.

म्हणजे प्रयोग जितका अवघड, तितका नुसता बघायला बिनधोक. खरी धास्ती उलट टोकाला आहे. दीड मिनिटाचा व्हिडीओ, झणझणीत संगीत, आणि सामान सगळं आपल्याच न्हाणीघरातलं.

जरा आपल्या न्हाणीघराच्या फळीकडे बघा. संडास साफ करायच्या बाटलीत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. शेजारी कपड्यांचं ब्लीच. त्याच्या मागे नाली मोकळी करायची पावडर, म्हणजे बहुधा कॉस्टिक सोडा. या तिघी एकेकट्या ठीक, पण एकत्र आल्या की सासवा-सुनांच्या वर! ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. आणि हे मुलांचंच कशाला, दिवाळीच्या साफसफाईत ‘दोन्ही टाकलं की जास्त चकचकीत होईल’ म्हणून आपणही हे करतो. बंद खोलीत, खिडकी लावून. अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणीसुद्धा ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, त्यातूनही विषारी वायू निघतात. ‘बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या एकत्र केल्या तर काय होईल?’ असे व्हिडीओ आम्ही स्वतः बघितले. कुणी दहा-बारा वर्षांचा पोरगा ते हसत हसत करत होता.

दुसरं एक फार लोकप्रिय प्रकरण म्हणजे ‘हत्तीची टूथपेस्ट’. बाटलीतून फेसाचा हा मोठा लोट उसळतो. फेस दिसायला साबणाचा, पण खरी मेख टक्क्यांत आहे. औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडवर बऱ्याचदा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण सहा टक्के. त्याच्याने बेताचा फेस येतो. व्हिडीओतला तो छताला लागणारा लोट तीस टक्क्यांच्या किंवा त्याहून तीव्र द्रावणाचा असतो. ते कातडीवर पडलं की कातडी पांढरीफटक पडून भाजते, डोळ्यात गेलं तर विचारायलाच नको. सर म्हणाले, ‘‘धोका प्रयोगात नाही, निराशेत आहे. मुलगा घरी साध्या औषधाने करतो, चार बोटं फेस येतो, तो म्हणतो हे काहीच नाही. मग तो ‘स्ट्राँगवालं’ शोधायला निघतो.’’ हे मला फार पटलं. म्हणून व्हिडीओ बघून झाल्यावर मुलाला आधीच सांगून ठेवायचं, घरी याच्या दहाव्या हिश्श्याएवढंच होणार आहे, आणि ते तेवढंच बरं आहे.

स्लाइमचंही तसंच. मुलींना फार आवडतो तो लिबलिबीत गोळा. त्यात गोंद आणि बोरॅक्स असतं. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. आजीच्या बटव्यात असायचा म्हणून तो निरुपद्रवी असं मात्र नाही. पोटात जाता कामा नये, डोळ्याला लागता कामा नये, खेळून झालं की हात धुवायचे, आणि सगळं तोंडात घालायच्या वयातल्या पोरांना देऊच नये.

आग असलेले व्हिडीओ आम्ही सरसकट बाद केले. त्यात चर्चाच नाही. २०१९ साली चीनमध्ये दोन मुली डब्याखाली अल्कोहोल जाळून मक्याच्या लाह्या करायला गेल्या. भडका उडाला. चौदा वर्षांची मुलगी त्यात गेली आणि बारा वर्षांची दुसरी जबर भाजली. ऑफिसात बसून असल्या गमती करणाऱ्या एका प्रसिद्ध बाईंचा व्हिडीओ बघून त्यांनी हे केलं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. बाईंनी ‘माझी पद्धत वेगळी होती’ असं सांगितलं, पण कुटुंबांना भरपाई दिली. अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही, हे लक्षात घ्या. करोनापासून सॅनिटायझरच्या बाटल्या घरोघर पडून आहेत आणि त्यात अल्कोहोलच असतं. बरं, शिक्षक समोर असले म्हणजे झालं असंही नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षिकेने रंगीत ज्योतींचा प्रयोग दाखवताना मिथेनॉलचा भडका उडून विद्यार्थी भाजले. तिथल्या सरकारी रासायनिक सुरक्षा मंडळाने याच प्रयोगाबद्दल इशारा देणारी फिल्म जेमतेम महिनाभर आधी काढली होती!

‘पण यूट्यूबवर लहान मुलांसाठी असं लिहिलेलं असतं ना, मग ते तपासलेलंच असणार,’ असं आमच्यातल्या निम्म्या जणींना वाटत होतं. तुम्हालाही वाटत असेल. तर तसं नाहीये. मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा केली म्हणून २०१९ साली अमेरिकेत यूट्यूबच्या कंपनीला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून व्हिडीओ मुलांसाठी आहे की नाही हे टाकणाऱ्यानेच सांगायचं, असा नियम आला. तो जाहिराती आणि माहितीसाठी आहे. प्रयोग सुरक्षित आहे असं कुणी शिक्का मारून दिलेलं नाही. उलट अशा व्हिडीओखाली प्रतिक्रिया बंद असतात, म्हणजे एखाद्या जाणकाराने ‘अहो, हे करू नका’ लिहायची सोयही नाही. ऑस्ट्रेलियात ॲन रीअर्डन नावाच्या एक अन्नशास्त्र शिकलेल्या बाई आहेत. केक-बिक शिकवतात आणि अधूनमधून खोट्या किंवा धोकादायक ‘टिप्स’ची पोल खोलतात. स्ट्रॉबेरी ब्लीचमध्ये बुडवून पांढरी करायची, असली अक्कल पाजळणारे व्हिडीओ त्यांनी उघडे पाडले. लाकडावर विजेच्या झटक्याने नक्षी जाळायच्या प्रकारात अमेरिकेत तीसहून जास्त माणसं मेली, म्हणून २०२२ मध्ये त्यांनी सावध करणारा व्हिडीओ केला. तर यूट्यूबने धोकादायक म्हणून त्यांचाच व्हिडीओ काढून टाकला! आरडाओरडा झाल्यावर परत लावला. मशीनच्या भरवशावर आपण किती राहायचं ते यावरून ठरवा.

धोक्याइतकाच मला दुसऱ्या एका गोष्टीचा राग येतो, आणि ती म्हणजे खोटेपणा. २००७ साली एक व्हिडीओ आला होता, कांद्याला खेळाडूंचं पेय पाजायचं, त्यात वायर खुपसायची आणि गाण्याचं यंत्र चार्ज! साफ खोटं. पण त्याची पिलावळ अजून फिरते. आपण तर कांद्याच्या मुलखातले. खरं असतं तर लासलगावात लोडशेडिंग कशाला झालं असतं? आमच्या वाचनालयातल्या एका मुलाने हा उद्योग तीन वेळा केला, आणि मग अगदी बारीक आवाजात मला म्हणाला, ‘‘काकू, मला सायन्स जमत नाही.’’ पोटात कालवलं माझ्या. सरांनी त्याला लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खोचून मीटरवर दाखवलं. एका लिंबाचा जेमतेम एक व्होल्ट. चार लिंबं जोडली तेव्हा एक इवलासा एलईडी मिणमिणला. वीज लिंबातून येत नाही, दोन वेगवेगळ्या धातूंमुळे येते, हे त्याला कळलं. आणि आपण मठ्ठ नाही, व्हिडीओवाला खोटारडा आहे, हेही कळलं.

मग मुलांनी बघायचं काय? तर आपल्या अरविंद गुप्तांच्या फिल्म्स आहेत. कचऱ्यातून खेळणी करणारे हे गृहस्थ आयआयटीत शिकलेले, पुण्याच्या ‘आयुका’मधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या दोन-दोन मिनिटांच्या फिल्म्स मराठीतही आहेत आणि फुकट. काड्यापेटीच्या काड्या, व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ. सामान असं की बघणारा लगेच उठून करायलाच लागतो, आणि केलं तरी आपल्या जिवाला घोर नाही.

आणि रसायनशास्त्रच हवं असेल तर ओट्यावर काय कमी आहे? पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं नुसत्या वैतागाने बघितला. हळद अल्कात लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करत, ते याच गुणावर. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या, की ते पाणी लिंबाच्या रसाने गडद गुलाबी होतं आणि सोड्याने हिरवं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळं-काळं. चिंचेने तांब्याचा तांब्या का उजळतो, इडलीचं पीठ रात्रीत का फुगतं, दूध लिंबाने का फाटतं... तिसऱ्या रविवारी त्या तुरटीवाल्या मुलीची आई आली होती. मागच्या बाकावर, पदर सावरून बसलेली. हे सगळं बघून शेजारणीला म्हणाली, ‘‘म्हणजे हे मी रोजच करते की!’’

आम्ही मुलांशी जे ठरवलं ते थोडक्यात सांगते. बघायची परवानगी वेगळी आणि करायची परवानगी वेगळी. करायचं असेल तर आधी येऊन सांगायचं, काय काय लागतं, प्रत्येक वस्तू घरात कुठे असते, आणि शेवटी जे उरेल त्याचं काय करणार. हे जो सांगू शकत नाही त्याने अजून करायचं नाही. वास घेऊन, चव घेऊन बघायचं नाही. बाटलीचं झाकण लावायचं नाही. डोळ्यांवर पारदर्शक चष्मा, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. केस बांधायचे, ओढणी काढून ठेवायची. पाचवीपर्यंतच्या मुलांनी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि हे आपल्यासाठी: ॲसिड, फिनेल, रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय आपण बायकांनीच सोडायची आहे. तहानलेलं पोर बाटली बघतं, चिठ्ठी नाही.

एक राहिलंच. डोळ्याचे अपघात फक्त प्रयोगानेच होतात असं नाही. पानवाल्याकडची चुन्याची पुडी मुलं खेळताना दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. कुणाची दृष्टी जायला तेवढं पुरतं. चुना असो, ॲसिड असो, काहीही असो, पहिलं काम म्हणजे नळाच्या किंवा तांब्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं सतत धुवायचा. घड्याळ लावून. पोर रडेल, हातपाय झाडेल, तरी धुवायचा. दूध, तूप, मध काही घालायचं नाही. मग दवाखाना. पोटात ॲसिड किंवा कॉस्टिक गेलं तर उलटी काढायची नाही, वर येताना ते पुन्हा जाळत येतं. १०८ला फोन करायचा आणि ती बाटली सोबत न्यायची.

तुरटीवाल्या मुलीच्या घरी अजून सगळं सुरळीत झालंय असं नाही. आईने होकार दिला, पण बाबांचं म्हणणं, हे उद्योग आठवीपर्यंत ठीक, पुढे कॉमर्सच. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. मोबाईल आता तिला रविवारी एक तास मिळतो, आई शेजारी बसते. नवी बरणी मात्र आमच्या वाचनालयाच्या खिडकीत आहे. खडा सध्या हरभऱ्याएवढा झालाय आणि वहीत रोजची नोंद आहे. या रविवारी जास्वंदीचा प्रयोग ठेवलाय, मुलांना पाच-पाच फुलं आणायला सांगितलीत. फक्त देवाच्या परडीतली उचलू नका म्हणावं, मागच्या वेळी दोन आज्या माझ्याशी भांडून गेल्या आहेत.